कमरेवर दगड नाही : एका विद्यापीठ संकुलाच्या प्रकल्प नोंदी

२१ जून २०२४, पुणे

परवा राजगीरला नालंदा विद्यापीठाच्या नव्या संकुलाचं उद्घाटन झालं. तेव्हापासून, मी ज्या नव्या विद्यापीठाचा आराखडा करतेय त्याच्या बांधकाम समितीच्या अध्यक्षांनी त्याचे फोटो तीनदा पाठवलेत. सोबत एकच ओळ: "असं भव्य पाहिजे, पण आपल्या मातीतलं."

तिकडे जागा ४५५ एकर, आपल्याकडे ४८. हे सरांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "आकाराचं नाही हो, फीलिंगचं बोलतोय."

तरी फोटो पुन्हा नीट पाहिले. नजर आधी त्या विटकरी रंगाच्या रुंद पायऱ्यांवर जाते, जुन्या महाविहाराच्या अवशेषांची आठवण होते, आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. मला त्यातलं पाणी जास्त आवडलं. दक्षिण बिहारात आहर-पईन नावाची जुनी पद्धत आहे. पईन म्हणजे नदीतून काढलेला पाट. आहर म्हणजे उतारावर तीन बाजूंनी बांध घालून, वरची बाजू मोकळी ठेवून केलेला तलाव. वास्तुशिल्प कन्सल्टंट्सनी (बाळकृष्ण दोशींनी स्थापन केलेली संस्था, दोशी मूळ पुण्यात जन्मलेले) त्या पद्धतीच्या धर्तीवर तळी खोदली, आणि भिंतींसाठी दाबून केलेले मातीचे ब्लॉक वापरले. म्हणजे त्या भागातला शेतकरी पाण्याचं काय करत आला, तिथून सुरुवात.

आपल्या जागेवर शेतकरी काय करत आला, हे मला अजून माहीत नाही. पुढच्या आठवड्यात साइट.

४ जुलै २०२४, साइट

लातूर-धाराशिव पट्टा. जमिनीचे सरळ दोन भाग पडतात. हायवेलगत सपाट काळी, तिच्यामागे हळूहळू चढत जाणारा मुरमाड माळ. माळावर बोरी, बाभळी, तरवड, बाकी काही नाही.

समितीने दिलेल्या पहिल्या आराखड्यात सगळ्या इमारती हायवेलगत, काळीत. कारण उघड आहे: रस्त्यावरून दिसायला हवं.

चाचणीचे खड्डे घेतले. काळीत ३.२ मीटर खोल गेलो तरी काळीच. माळावर ६० सेंमीला मुरूम, त्याखाली कच्चा खडक. शेजारच्या रानातले एक आजोबा खड्ड्याच्या काठावर येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग विचारलं, "हितं काय बांधलालाव?" सांगितलं. "काळीत?" म्हणाले, आणि पुढे काही बोललेच नाहीत.

त्या एका शब्दात सगळा अहवाल आला. इथल्या बोलण्यात गाव म्हणजे पांढरी आणि शेत म्हणजे काळी. घर पांढरीत, पीक काळीत. ही काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. त्यावर इमारत उभी करायची तर तळाशी फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, किमान साडेतीन मीटर खाली न्यावे लागतात. करता येतं, सगळीकडे करतात. पण मागे फुकटचा मुरूम असताना कशासाठी?

वारशाचं पहिलं कलम माझ्या वहीत हे: घर कुठे बांधायचं नाही.

१८ जुलै २०२४, बैठक

तीन तास. इमारती माळावर न्यायला मंजुरी मिळाली. पांढरी-काळीच्या गोष्टीला कुणी भुललं नाही. पायाच्या खर्चाचा तक्ता स्क्रीनवर लावल्यावर मिळाली. हरकत नाही.

बदल्यात प्रवेशद्वार मागितलंय: दोन बुरूज, मध्ये कमान, नगारखाना. संदर्भ म्हणून शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचा फोटो. मी विचारलं, हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, इथे पेशव्यांचा दरवाजा स्थानिक कसा? जवळचे किल्ले औसा आणि नळदुर्ग. बुरूज हवाच असेल तर ते आधी पाहू या. खोली शांत. एक सदस्य म्हणाले, "मॅडम, लोकांना ओळखीचं वाटलं पाहिजे." ओळखीचं म्हणजे मालिकांतलं, असं त्यांना म्हणायचं असावं.

बुरूज जीआरसीचे, म्हणजे काचतंतू मिसळलेल्या काँक्रीटचे, आतून पोकळ, लोखंडी सांगाड्यावर. निर्णय पुढे ढकलला.

९ ऑगस्ट २०२४, पुणे

समितीच्या चौघांना आयुका ही खगोलशास्त्राची संस्था दाखवायला नेलं. चार्ल्स कोरिया यांचं काम, जयंत नारळीकरांची संस्था, पुणे विद्यापीठाच्या आवारात. मी विद्यार्थी असताना इथे स्केचिंगला यायची, तेव्हा कळलं नव्हतं ते आज बाहेरच्या भिंतीपाशी कळलं.

भिंत काळी आहे, पण एका काळ्या रंगाची नाही. खाली खडबडीत बेसाल्ट, आपला रोजचा दख्खनी दगड. त्यावर कडप्पा. सगळ्यात वर चकचकीत काळा ग्रॅनाइट. पाऊस नुकताच थांबला होता. वरच्या पट्ट्यात ढग उमटले होते आणि भिंत नेमकी कुठे संपते ते दिसत नव्हतं. हात लावला तर खालचा दगड गार, ओला, बोटाला लागणारा. एकाच भिंतीत खालून वर जमीन ते आकाश, आणि त्यासाठी कुठेही कमान काढलेली नाही.

मधल्या चौकाला ते कुंड म्हणतात. कोपऱ्यांत आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे. न्यूटनच्या सफरचंदाच्या झाडाची कलमं इथे आणून लावली होती, पण पुण्याच्या हवेत ती टिकली नाहीत, हे सांगितल्यावर सगळ्यांना फार गंमत वाटली. भिंतीपेक्षा जास्त वेळ त्यावरच गप्पा झाल्या.

परत येताना अध्यक्षांचा प्रश्न: "छान आहे. पण ह्यात मराठी काय आहे?"

मी म्हटलं, दगड. ते हसले. मला वाटलं जिंकले.

२ सप्टेंबर २०२४, पुणे

ग्रंथालयाचं चित्र झालं. ६० सेंमी जाडीच्या भारवाहक दगडी भिंती, खोल खिडक्या, वर मातीचा थर असलेलं सपाट छत, म्हणजे माळवदाचीच नवी आवृत्ती. दुपारी बाहेर ४२ अंश असताना आत किती राहील, त्याचं गणित फारच देखणं आलं. जाड भिंत दिवसभराची उष्णता धरून ठेवते, आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते.

ऑफिसातल्या दोन ज्युनिअर मुलांनी मॉडेल केलं. अनेक वर्षांत एखाद्या चित्रावर इतकी खूश झाले नव्हते. हे मुद्दाम लिहून ठेवते.

३० सप्टेंबर २०२४, साइट

आजची नोंद लांब होणार.

नमुना भिंतीसाठी डबर उतरवायचा होता. मिस्त्री सकाळी आले नाहीत. अकरा वाजता आले, अंगावर धुतलेला पांढरा सदरा. तारीख माझ्या लक्षातच आली नव्हती.

चहा झाल्यावर मी त्यांना ग्रंथालयाचं चित्र दाखवलं. बघितलं, कागद परत घडी करून माझ्या हातात दिला. "मॅडम, दगड कशाला चढवलालाव?"

मी थंडाव्याचं सांगायला लागले. त्यांनी थांबवलं नाही, ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं. तेव्हा ते नऊ वर्षांचे. १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र. गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला. आतल्या घरात माळवद नुसतं भिंतीवर टेकलेलं होतं. भिंती फुटल्या आणि फूट-दीड फूट मातीचं छत तसंच खाली आलं. ओसरीला लाकडाचे खण होते. भिंत तिथलीही गेली, पण खांब आणि तुळया उभ्या राहिल्या. "मी आन् आज्जा ओसरीवर झोपलो होतो. आत पाचजण."

पुढे काही म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

जेवताना म्हणाले, "आमच्या गावात आता कुणी दगडाचं घर बांधंना. पोरगं म्हणलं तरी बाप बांधू देत न्हाई. तुम्ही इद्यापीठात बांधलालाव, अन् पोरं आमचीच येनार."

किल्लारीच्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. हे मला माहीत होतं. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही त्यावर चार मार्कांचं टिपण लिहिलं होतं. भूकंप मोठा होता, ६.२, पण माणसं मारली भिंतींनी. बाहेरचा दगडाचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये मातीत भरलेले दगडगोटे, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. वर पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेली माती. हादरा बसला की दोन थर एकमेकांपासून सुटतात आणि भिंत पोट फुगून फुटते. त्या वेळच्या नकाशात हा भाग झोन १, सर्वांत निर्धास्त. २००२ मध्ये नकाशा बदलला, तेव्हा झोन ३ झाला.

माझ्या चित्रातली भिंत तशी नव्हती. सिमेंटमध्ये बांधलेली होती. दर ६० सेंमी उंचीला, आडव्या १.२ मीटरच्या आत आरपार दगड दाखवला होता. वर आरसीसीचा पट्टा. गणिताने ती पडली नसती.

हे त्यांना सांगायचं होतं. सांगितलं नाही.

३ ऑक्टोबर २०२४, पुणे

ग्रंथालय पुन्हा पहिल्यापासून. स्ट्रक्चरल इंजिनिअर वैतागलेत, आणि त्यांचंही बरोबर आहे: "गणितात बसलेली भिंत मिस्त्रीच्या सांगण्यावरून काढायची?" मी म्हटलं, गणितासाठी काढत नाहीये.

नियम ठरवला: कमरेवर दगड नाही. ९० सेंमीपर्यंत दगड, तोही भार न घेणारा, मागच्या आरसीसीला स्टीलच्या कड्यांनी बांधलेला. त्यावर हलके ब्लॉक आणि गिलावा. टेकायला, बसायला, हात लावायला दगड हाताशी. डोक्याच्या वर कुठेच नाही.

आणि ओसरीतून घेतलं ते खण. जुन्या घरात माप खणात सांगत: दोन खांबांमधलं अंतर, साधारण पाच फूट. अमुक इतक्या खणांचं घर म्हटलं की बघितल्याशिवाय आकार कळायचा. आमचा आरसीसीचा ग्रिड साडेचार मीटरवर आणला, म्हणजे तीन खण. वर्ग दोन ग्रिडचा, प्राध्यापकांची खोली एका ग्रिडची. खांब जास्त लागतात, बीम लहान होतात, आणि व्हरांड्यातून चालताना पावलाला एक ताल लागतो. फोटोत यातलं काही दिसणार नाही.

माळवद गेलंच. त्याऐवजी दुहेरी छत, मध्ये हवा खेळती. वजन कमी, थंडावा बऱ्यापैकी. पहिल्या गणिताइतकं देखणं नाही.

२२ ऑक्टोबर २०२४, साइट

काळीच्या कोपऱ्यात घाणेरीच्या जाळ्या काढताना दगडी पायऱ्या लागल्या. बारव! सातबाऱ्यावर नुसतं "विहीर" लिहिलंय. गाळाने भरलेली, पण एका बाजूचे टप्पे शाबूत, देवळीत शेंदराचा डाग. हायवेलगत इमारती ठेवल्या असत्या तर हिच्यावर पार्किंग आलं असतं, म्हणजे बुजवूनच टाकली असती.

गाळ हातानेच काढायचा, जेसीबी जवळ आणायचा नाही. ठेकेदाराला लेखी दिलं.

१४ नोव्हेंबर २०२४, साइट

गाळ नऊ पायऱ्या खाली गेलाय. ओल लागली.

समितीला बारव फार आवडली. बुरूज मागे पडले, ही तिचीच कृपा. आता तिच्याभोवती दिवे, कठडा, आणि पाटी: "प्राचीन जलसंस्कृतीचा वारसा". पाटीचा मजकूर मी लिहायचा.

टोपल्या वाहणाऱ्या बायकांतल्या एक मावशी, शेजारच्याच गावच्या. त्यांना विचारलं, ही बारव आठवते का तुम्हाला? "आठवायला काय, आमची आज्जी हितंच येत होती. वर उभी ऱ्हायची. खाली उतरायचं न्हवतं आमच्यातल्यांनी. कुणाला दया आली तर वरनं घागरीत ओतायचे." पायरीकडे बघून म्हणाल्या, "आता मी गाळ काढलाले." आणि हसल्या. बाकीच्या बायकाही हसल्या. मला हसता आलं नाही.

चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. शाळेत तारीख पाठ केली होती. प्रत्येक गावात एकेक तळं होतं, हे कुठल्याच पेपरात लिहावं लागलं नाही.

पाटीच्या मजकुरात चार वाक्यं लिहिली. तीन दगड, पायऱ्या आणि पाण्याबद्दल. चौथं: "या पायऱ्या सगळ्यांसाठी नव्हत्या."

२८ नोव्हेंबर २०२४, छत्रपती संभाजीनगर

दुसऱ्या कामासाठी आले होते, वेळ काढून नागसेनवनात चक्कर मारली. डॉ. आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० मध्ये इथे कॉलेज सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. वारसा कसा निवडावा, याचं याहून धीट उदाहरण मला ठाऊक नाही. शहरात बीबी का मकबरा आहे, दरवाजे आहेत, मलिक अंबरच्या नहरी आहेत. त्यांनी इमारतीचा आकार कुठूनच उचलला नाही. उचलली ती दोन नावं. मिलिंद राजा प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तर देतो. कॉलेज विचारणाऱ्याच्या नावाचं, आवार सांगणाऱ्याच्या. टेकडीत बौद्ध लेणी आहेतच, जवळ.

झाडं छान वाढलीत. तासभर बसले.

१० जानेवारी २०२५, बैठक

दर्शनी भागात लॉन आणि कारंजं हवंय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आणावी लागली होती, हे मला, पुण्याच्या बाईला, लातूरच्या माणसांना सांगावं लागलं. कारंजं रद्द. लॉन "विचाराधीन".

काळीत आता इमारत नाही. तिथे हरभरा आणि ज्वारी पेरावी, कृषी विभागाची प्रात्यक्षिकं तिथेच व्हावीत, हा प्रस्ताव मात्र चटकन मंजूर. हायवेवरून विद्यापीठाचं पहिलं दर्शन म्हणजे उभी ज्वारी. मला चालेल!

६ फेब्रुवारी २०२५, पुणे

जोत्याचा घोळ. वाड्यासारखं तीन फूट उंच जोतं हवं, असं ठरलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडतं. इमारतीला बूड येतं. पण तीन फूट म्हणजे ९० सेंमी, रॅम्पचा उतार १ ला १२, म्हणजे १०.८ मीटर लांब रॅम्प आणि मध्ये थांबा. तो नेहमीप्रमाणे बाजूला, मागच्या दाराजवळ बसत होता. व्हीलचेअरवरची मुलगी मागच्या दाराने.

मावशी आठवल्या. जोतं काढलं.

आता अंगणाची जमीनच १ ला २० ने अठरा मीटरांत चढत जाते आणि सगळे एकाच वाटेने, एकाच दाराने आत येतात. उंबरठा फक्त रंगाने: कडप्पाची एक पट्टी, फरशीच्या पातळीत. अग्निशमनाच्या गाडीसाठी सहा मीटर रस्ता आणि नऊ मीटर वळण सोडावं लागलं, त्यात चौकाचा एक कोपरा गेला. त्याचं वाईट वाटतंय.

२४ एप्रिल २०२५, साइट

ऊन. दुपारी एक ते चार काम बंद.

इमारतींमधली अंतरं पुन्हा पायाने मोजली, मुद्दाम दोन वाजता. मिस्त्री म्हणाले, भूकंपानंतर नवं गाव बसवलं तेव्हा रस्ते लई रुंद केले, "शेजारी हाक मारली तर ऐकू येईना. घरं चांगली हायती, पन गाव वाटंना." मूळ आराखड्यात ग्रंथालय ते वर्ग १४० मीटर होतं, सगळं उघड्यावर. आता ३५ मीटर, वर सावली. गल्ली म्हणा हवं तर. समितीच्या कागदावर तिचं नाव "अ‍ॅकॅडमिक स्पाइन" आहे, ते तसंच राहू दिलंय.

२० जून २०२५

पाऊस वेळेवर. बारवेत पाणी अकराव्या पायरीपर्यंत चढलं. पाटीचा मजकूर परत आला, चौथं वाक्य लाल शाईने खोडलेलं, शेरा: "अनावश्यक". मी तोच मजकूर तसाच परत पाठवला.

१२ सप्टेंबर २०२५

मजकूर पुन्हा परत. आता शेरा असा: "कालखंडाचा पुरावा जोडावा." मावशींचं म्हणणं त्यांच्या परवानगीने लिहून घेतलं, गावातल्या आणखी तिघींचंही. जोडलं, पाठवलं.

३ डिसेंबर २०२५, साइट

ग्रंथालयाच्या तळमजल्याची कमरेएवढी भिंत पूर्ण. टाकीचं, म्हणजे छिन्नीने दगड घडवण्याचं, काम करणारे दोघेच मिळाले, वडार समाजातले बाप-लेक. बाकी दगड मशीनवर कापून आणला आणि दर्शनी बाजू तेवढी त्यांनी हाताने ठोकली. सांधे बारीक आणि खोल ठेवले. सकाळच्या तिरक्या उन्हात टाकीचे घाव उठून दिसतात.

मिस्त्रींनी ओळंबा लावून पाहिला, दोन ठिकाणी हाताने दगड हलवून पाहिला, "पक्कं हाय" म्हणाले. दुपारी भिंतीच्या कडेला चांगली सावली होती. त्यांनी डबा उघडला तो पलीकडे, कंटेनरच्या सावलीत.

पाटी: अजून उत्तर नाही.

मंगळवारी पहिल्या मजल्याचा स्लॅब. त्याआधी: ए-४ ते ए-७ खांबांच्या रिंगांचं अंतर पुन्हा मोजणे; दगडाच्या कड्या गंजरोधक आल्यात का, ते चलनावर नाही, हातात घेऊन बघणे.